गुरुवारचं तिकीट

नदीला तिकीट असतं, हे बाबांना पटवण्यात माझे दोन रविवार गेले. “बागेला असेल, सर्कशीला असेल, नदीला कसलं तिकीट?” असं म्हणून ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागत. एडिसनमधल्या आमच्या गल्लीत बघण्यासारखं काहीही नव्हतं. समोरच्या घराचं गराज, त्यापुढे एक निळी गाडी, आणि संध्याकाळी न्यूयॉर्कची ट्रेन आली की स्टेशनवरून घरी परतणाऱ्या आणखी गाड्या. तरी ते बघत बसत. बघून झालं की पेपर वाचत, पेपर वाचून झाला की पुन्हा खिडकी.

ऐंशीच्या दशकातली, मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी एकुलता एक मुलगा, इथे न्यू जर्सीत, आणि बाबा तिकडे कोकणात, खाडीच्या काठच्या घरात एकटे. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस, कोणाचं ऐकायची सवय नाही. महिनोन्महिने पत्रांतून विनवण्या केल्या तेव्हा कुठे ते मार्चअखेर आले, तेही एअरपोर्टवरच अट सांगून. “एकदा आलो. तीन महिने राहीन, बघेन. मग पुन्हा बोलावू नका.” परतीचं तिकीट जूनच्या चोवीस तारखेचं होतं आणि ते त्यांनी पासपोर्टात घालून उशाशी ठेवलं होतं.

मला फार काही नको होतं. जाताना त्यांनी ‘पुन्हा येईन’ म्हणावं, एवढंच हवं होतं. त्यासाठी मी त्यांना पहिला महिनाभर सगळीकडे फिरवलं. नायगाराला नेलं, तर म्हणाले, “पाणी बरंच आहे.” न्यूयॉर्कच्या उंच इमारतीवर नेलं, तर म्हणाले, “उंच आहे.” ओक ट्री रोडवर तेव्हा देशी दुकानं बोटावर मोजण्याइतकी होती. त्यातल्या एकात फ्रीझरमधली कोळंबी बघून त्यांनी दुकानदाराला विचारलं, “ही कधी वारली?” तो बिचारा गुजराती, त्याला काही कळलं नाही. मला मात्र कळलं की हा माणूस इथे काही रमत नाही.

रमले ते एका डबीने. माझ्या ऑफिसातला एक मित्र, पेनसिल्व्हेनियातल्या खेड्यात वाढलेला, एका शनिवारी आमच्याकडे जेवायला आला. जेवणं झाल्यावर बोलता बोलता मासे पकडण्याचा विषय निघाला आणि त्याने गाडीतून एक चपटी डबी आणली. डबीत बारीक बारीक माश्या ओळीने टोचून ठेवलेल्या. पिसं, दोरा आणि सशाची लव यांच्या बनवलेल्या, नखाएवढ्या, आणि प्रत्येकीच्या पोटाखाली एक गळ. पाण्यावर अशी माशी अलगद टाकायची, ट्राउट नावाचा मासा तिला खरी समजून वर येतो. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि डबी खिडकीपाशी उजेडात नेली.

“हे कोणी बांधलं?” त्यांनी विचारलं. अमेरिकेत आल्यापासून त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मित्राने छातीवर बोट ठेवलं, तसं बाबांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

“आजोबा, दे आर फेक,” माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली.

“ते मला कळतंय गो. माशाला कळत नसावं.”

बाबा जन्मभर खाडीच्या खडकांवर बसून गरी टाकत आले. गरी म्हणजे नुसता हातातला दोर, टोकाला शिसं आणि गळ. काठी नाही, चक्र नाही. कचेरीतून आले की शर्ट खुंटीला आणि हे खडकावर. काळुंदर, कधी नशिबात असली तर तांबोशी, असं काहीतरी घेऊनच परतायचे आणि आईच्या हातात द्यायचे. त्या रात्री त्यांनी मित्राची डबी परत द्यायला इतका उशीर लावला की मी मनाशी ठरवलं, बाबांना इथल्या नदीवर न्यायचं.

आता ठरवलं म्हटल्यावर मी गप्प बसणारा नव्हे. आमच्या ऑफिसात कुठलंही काम सुरू करण्याआधी भिंतीवर तक्ता लावायची पद्धत होती. डावीकडे कामांची यादी, वरती आठवडे, मधे रंगीत पट्ट्या. मी तसला कागद घरी आणून फ्रिजवर चिकटवला. नदीचं तिकीट, राज्याचं लायसन्स, दोन रॉड, रबरी बूट, रस्ता, हवा, डबा. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची पट्टी. बायको त्याच्यासमोर चहाचा कप घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मुलीच्या बारशाला तू माझ्या भावाला आणायला एअरपोर्टवर जायचं विसरलास. आणि माशांसाठी एवढं?” ती नागपूरची, बोलायला मोकळी. बाबा समोर असले की मला अहो म्हणे, ते उठून गेले की तू.

तिकिटाची भानगड अशी. मित्राच्या माहितीत एक म्हातारी बाई होती, पेनसिल्व्हेनियात डोंगराच्या पायथ्याशी. तिच्या शेतातून नदी मैलभर वाहते, दोन्ही काठ तिचे. तिथे ती दिवसाला फक्त चार माणसं सोडते, एकाला एक तिकीट, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. त्यामुळे गर्दी नाही आणि मासे हुशार असले तरी भ्यालेले नाहीत. मी तिला टाइप करून पत्र पाठवलं. आठ-दहा दिवसांत तिचं कार्ड आलं, वळणदार अक्षरातलं. जूनमधल्या तीन तारखा मोकळ्या आहेत, म्हणाली. सात, चौदा आणि एकवीस.

सातला ऑफिसात मोठ्या साहेबांची बैठक होती. चौदाला मुलीच्या शाळेत कार्यक्रम. एकवीसला मित्र त्याचे दोन्ही रॉड द्यायला तयार होता, आणि बाबा निघायच्या आधी हातात तीन दिवस राहत होते. मी एकवीसच्या रकान्यात हिरवी पट्टी मारली, चेक पाठवला आणि ऑफिसात रजेचा अर्ज टाकला. आठवड्याने दोन तिकिटं आली. जाड पिवळट कार्डं, त्यावर आमची नावं आणि तारीख हाताने लिहिलेली, मागे नियम छापलेले. बाबांनी ते हेडक्लार्कच्या इंग्रजीत मोठ्याने वाचून काढले. फक्त बनवलेली माशी वापरायची, जिवंत आमिष नाही. गळाला उलटा काटा नको, असला तर पकडीने दाबून सपाट करायचा. गाई आहेत, फाटक उघडं टाकू नये. आणि धरलेला प्रत्येक मासा होता तिथे पाण्यात परत सोडायचा.

बाबांनी कार्ड टेबलावर ठेवलं. “मग धरायचा कशाला?”

मी त्यांना पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. नद्या, माशांची पैदास, पुढच्या पिढ्या, सगळं. ते शांतपणे ऐकत होते, कचेरीत अर्जदाराचं ऐकावं तसं. शेवटी म्हणाले, “म्हणजे पोट भरल्यानंतरचा खेळ आहे. ठीक आहे. बघू तरी.” बायकोने येणाऱ्या माशांसाठी मिरीएवढी तिरफळं आणि तांदळाचं पीठ कधीचं काढून ठेवलं होतं, ते तिने पुन्हा कपाटात ठेवलं.

मग सुरू झाली अंगणातली शाळा. मित्र संध्याकाळी येऊन शिकवायचा. गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधलेला. रॉड घड्याळाच्या काट्यासारखा धरायचा, मागे दोनवर थांबायचं, पुढे दहावर थांबायचं, आणि मधल्या वेळात दोर हवेत आपोआप उलगडू द्यायचा. माझा दोर माझ्याच गळ्यात पडायचा. मी इंजिनियर, मला त्याचं सगळं गणित कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. बाबा दोन दिवस पायरीवर बसून माझी फजिती बघत राहिले. तिसऱ्या दिवशी उठले, रॉड हातात घेतला, दोनदा दोर मागेपुढे केला आणि लोकर वीस फुटांवरच्या पिवळ्या फुलाशेजारी नेऊन ठेवली. ठेवली हाच शब्द. मित्र घरात गेला आणि बायकोकडून स्वतःला आणखी एक चहा मागून घेतला.

त्यानंतर बाबा खिडकीत बसेनासे झाले. सकाळी आठला, लुंगीवर स्वेटर चढवून, ते अंगणात. समोरच्या निळ्या गाडीवाल्याला ते “गुड मॉर्निंग” म्हणायला लागले. माझ्या तक्त्यावर नजर टाकून, हवेचं काय म्हणतात, असं विचारायला लागले. मी मनात फुलून गेलो होतो. ऑफिसात सांगत सुटलो होतो.

नदीवर निघायच्या आठ-नऊ दिवस आधी, एका संध्याकाळी, बायको फ्रिजपाशी उभी होती. माझ्या तक्त्याच्या शेजारीच आमचं मराठी कॅलेंडर टांगलेलं असायचं, दरवर्षी भारतातून कोणीतरी आणून द्यायचं. ती एकदा तक्त्याकडे बघत होती, एकदा कॅलेंडरकडे. मग हलक्या आवाजात म्हणाली, “अहो.”

तिच्या ‘अहो’वरून मला कळलं की बाबा बाहेरच्या खोलीत आहेत आणि काहीतरी चुकलं आहे.

“एकवीसला गुरुवार आहे.”

“हो. थर्सडे. मी रजा टाकलीय.”

“थर्सडे नाही, गुरुवार,” ती म्हणाली. मी तिच्याकडे नुसता बघत राहिलो. तेव्हा तिने कपाळाला हात लावला. “तीन महिने दर गुरुवारी या घरात साबुदाणा भिजतोय. तुम्हाला काय वाटलं, मला हौस आहे?”

“मला वाटलं, बाबांना आवडते खिचडी.”

खरं सांगायचं तर मला आवडायची. दर गुरुवारी ऑफिसातून आलो की मी ती दोनदा घेऊन खात होतो, वर दाण्याचं कूट मागत होतो. गुरुवार हा आईचा उपास. लग्नाच्या आधीपासूनचा. त्या दिवशी आमच्या घरात मासा शिजत नसे, येतही नसे. बाबा त्या दिवशी देवाचं काही करत नसत, तिच्यासाठी खडकावर जात नसत एवढंच. आई गेल्यावर तो वार त्यांनी स्वतः धरला होता. दिवसभर उपास, माशाला हात नाही. हे त्यांनी आल्या आल्या माझ्या बायकोला सांगितलं होतं, कारण स्वयंपाक तिच्याकडे. मला सांगायची त्यांना गरज वाटली नाही, आणि मी विचारलं नाही. थर्सडे म्हणजे माझ्या लेखी कचऱ्याची गाडी आणि दुपारी दोनची मीटिंग. गुरुवार कुठेतरी पंधरा वर्षं मागे, आईजवळ राहून गेला होता. दोन्ही एकच आहेत हे मला माहीत होतं, पण ते एकाच कागदावर कधी आले नव्हते.

आणि आणखी लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे सात, चौदा, एकवीस. आकड्यांवर पोट भरणारा माणूस मी. तिन्ही तारखांचा वार एकच, हे मला दिसू नये?

मी तळघरातल्या फोनवरून त्या बाईला फोन लावला, म्हणजे वर ऐकू जाऊ नये. कसं सांगावं ते कळत नव्हतं. अमेरिकन माणसाला उपास समजावताना आपणच काहीतरी वेड्यासारखं बोलतोय असं वाटायला लागतं. मी अडखळत म्हणालो, माझी आई वारली आहे, माझे वडील तिचा एक वार पाळतात, त्या दिवशी ते माशाला हात लावत नाहीत, तर दिवस बदलून मिळेल का? मग ती म्हणाली, “माझ्या पाण्यावर रविवारी कोणी दोर टाकत नाही. माझ्या नवऱ्याचा नियम होता. तो जाऊन सहा वर्षं झाली. लोक रविवारसाठी मागतील ती किंमत द्यायला तयार असतात. मी फाटक उघडत नाही.”

मला वाटलं, जमलं. पण ती पुढे म्हणाली की बाकीचे सगळे वार त्याच त्या माणसांकडे आहेत, कोणी वीस वर्षं येतोय, कोणी बापानंतर येतोय. त्यातला एकही आपला वार सोडणार नाही. गुरुवारवाले दोघे भाऊ फ्लोरिडाला राहायला गेले, म्हणून गुरुवार मोकळे झाले, म्हणून तर ते माझ्या वाट्याला आले. “तुमचा चेक परत पाठवीन,” ती म्हणाली. मी म्हटलं, दोन दिवसांत कळवतो.

बाबा अंगणात होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. त्यांनी दोर गुंडाळून घेतला, रॉड भिंतीला टेकवला आणि पायरीवर बसले.

“ती बाई रविवारी का बंद ठेवते म्हणालास?”

“नवऱ्याचा नियम होता म्हणे.”

“तो गेल्यावरही?”

“सहा वर्षं झाली.”

“अस्सं,” म्हणाले. “जाऊ आपण. मी काही टाकणार नाही. तू टाक. मी नदी बघेन, त्या बाईंना भेटेन.”

मला राग आला. माझा राग असाच, नको तिथे येतो. एवढा खटाटोप, एवढी तयारी, तो हात, ते फुलाशेजारी लोकर ठेवणं, आणि हे काठावर बसणार. मी म्हणालो, “बाबा, आई असती ना, तर तीच म्हणाली असती, जा म्हणून. एका दिवसाने काय होतंय.”

“असती तर प्रश्नच नव्हता,” बाबा म्हणाले. “असती तर वार तिचा होता. मला काय, मी तिला सांगून गेलो असतो. आता सांगायचं कोणाला?”

आत जाऊन मी बाईला कळवलं की आम्ही येतोय.

एकवीसला पहाटे पाचला निघालो. बायकोने डब्यात खिचडी दिली, बटाट्याचा कीस, खजूर, शेंगदाण्याचे लाडू. बाबांच्या पिशवीत ताकाचा थर्मास. पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीत शिरल्यावर एका दुकानात राज्याची लायसन्सं घेतली. ती दिसतील अशी अंगावर लावायची असतात, टोपीला किंवा छातीवर. बाबांनी ते आपल्या पांढऱ्या टोपीला टाचणीने लावलं आणि गाडीच्या आरशात एकदा बघून घेतलं. तुम्ही टाकणार नसाल तर लायसन्स कशाला, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी तोंड आवरलं.

बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. पुरुषी बूट, पांढऱ्या केसांची वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली, हातात झाडू. बाबांनी नमस्कार केला, त्यांनी हात पुढे केला, मग दोघांनी एकमेकांचं बघून उलट केलं. “मी सॉरी आहे तुमच्या पत्नीबद्दल,” अशा अर्थाचं त्या इंग्रजीत म्हणाल्या. बाबा म्हणाले, “थँक यू. अँड युवर हजबंड ऑल्सो.” दोघांनी मान हलवली. मी उगीच गाडीतून सामान काढत राहिलो.

नदी बघून बाबा म्हणाले, “हिला नदी म्हणतात? आमच्याकडे व्हाळ म्हणतील.” पण आवाजात कौतुक होतं. कमरेएवढं पाणी, तळचा खडा न् खडा दिसावा इतकं स्वच्छ, दोन्हीकडे झाडं वाकलेली. मी छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून शिरलो आणि तासाभरात तीन झाडं, एक कुंपण आणि माझी स्वतःचीच टोपी पकडली. बाबा काठाने चालत होते आणि मला सांगत होते. “तिथे नको. त्या काळ्या दगडाच्या मागे, सावलीत बघ. आहे तिथे.” मला नुसतं पाणी दिसायचं. तिथे माशी टाकली की खरोखर एक तोंड वर यायचं आणि माझा हात उशिरा उठायचा. असं चारदा झालं. पाचव्यांदा बाबांचा उजवा हात माझ्याआधी उठला, रिकामाच.

दुपारी झाडाखाली बसून खिचडी खाल्ली. थंड झाली होती तरी छान लागत होती, आणि या वेळी आपण काय खातोय ते मला माहीत होतं. बाबांनी हात धुतले. माझ्या डबीतली एक तपकिरी माशी निवडली, उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, “ती तुझी पक्कड दे.”

मला वाटलं, गळाचा काटा दाबून देतायत माझ्यासाठी. त्यांनी पकडीच्या मुळाशी गळ धरला आणि जिथे तो वळतो तिथेच कट्‌कन तोडला. तुटलेला आकडा गाईच्या पोटात जाऊ नये म्हणून रुमालात बांधून खिशात ठेवला. आता हातात राहिली पिसांची, दोऱ्याची नुसती माशी, पोटाखाली काही नाही.

“आता मासा धरायचाच नाही म्हटल्यावर वाराचं काय बिघडलं?” ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरे बूट मागितले.

ते पाण्यात शिरले ते काठी टेकत, हळूहळू, आणि त्या काळ्या दगडाच्या खालच्या अंगाला उभे राहिले. दोर मागे गेला, पुढे आला, माशी सावलीच्या कडेला पडली. पाणी फुगलं, एक चांगला हातभर मासा वर आला, त्याने माशी तोंडात घेतली, दोर ताणला, आणि काहीच अडकत नाही म्हटल्यावर ती थुंकून टाकून निवांत खाली गेला. बाबा हसले. मोठ्याने, पोटातून. आई गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. “फसलंस मा?” ते माशाला म्हणाले, घरच्या बोलीत, आणि पुन्हा दोर टाकला.

मी माझा रॉड आवरून काठावर बसून राहिलो. सबंध दुपार. तिकिटावरच्या नियमाप्रमाणे मासा सोडायचा होता, बाबा तो धरायच्या आधीच सोडत होते. कधी तासात चार उठायचे, कधी एकही नाही. बाबा दगड बदलत, माशी बदलत, तिचा गळ आधी पकडीने तोडत. मधून मधून माझ्याकडे वळून बघत, मी बघतोय ना याची खात्री करायला, लहान मूल बघतं तसं. मी बघत होतो. माझ्या तक्त्यातलं काहीही ठरल्याप्रमाणे झालं नव्हतं, आणि या देशात आल्यापासून मी इतका सुखात कधी बसलो नव्हतो.

उन्हं कलली तेव्हा त्यांचे पाय गारठून बधिर झाले होते. बूट काढले, सामान गाडीत भरलं, फाटक नीट लावलं. मी स्टिअरिंगशी बसलो तर बाबा शेजारी नाहीत. आरशात बघितलं. ते पुन्हा व्हरांड्याकडे चालत निघाले होते, टोपीवरचं लायसन्स हलत होतं. बाई बाहेर आल्या. बाबा काहीतरी सांगत होते, दोन बोटं, मग एक बोट, मग हाताने दोर टाकल्यासारखं. बाई आत जाऊन एक वही घेऊन आल्या, पानं उलटली, डोकं हलवलं. बाबांनी पुन्हा काहीतरी म्हटलं. बाईंनी पेन्सिल कानामागून काढली आणि लिहिलं. मला एक शब्दही ऐकू येत नव्हता.

ते येऊन बसले, पट्टा लावला, टोपी मांडीवर ठेवली.

“त्यांच्या बुधवारवाल्यांपैकी दोघांचे गुडघे गेलेत,” बाबा म्हणाले. “पुढच्या जूनमधला पहिला बुधवार मिळाला. दोन तिकिटं घेतली. तुला रजा मिळेल ना?”

मिळेल, म्हणालो. मग गाडी सुरू करायला किल्ली शोधायला लागलो, खिशात, सीटखाली, डबीत. बाबांनी थोडा वेळ बघितलं आणि माझ्या डाव्या हाताची मूठ उघडून ती काढून दिली.